गोठ्यावरचा बीम

अक्षय वणीच्या एका ठेकेदाराकडे इंजिनिअर होता. कोळशाच्या ट्रकांसाठी फरशी ओतताना काँक्रीटमध्ये पोलादी तारा मिसळतात, हे त्याने तिथे पाहिलं आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. आखूड, टोकांना मुडपलेल्या तारा. भेग पडली तरी त्या तिला फाकू देत नाहीत. जेवताना हेच, फोनवर हेच. केळापूरजवळच्या गावी वडील पुंडलिकराव ऐकून घेत आणि म्हणत, "बोलून लय झालं. करून दाव."

वडिलांनी एकदा तरी वा म्हणावं, एवढीच त्याची हौस. उन्हाळ्यात गोठ्याच्या दारावरची सागवानी तुळई वाळवीने पोखरली आणि त्याला आयतं निमित्त सापडलं. तारांची गोणी घेऊनच तो घरी आला.

"शेवया टाकून राह्यला का बे?" पुंडलिकराव हसले. मग त्यांनी शेजारच्या ढिगाकडे पाहिलं. सोयाबीनचं कुटार होतं, बैलांचा वर्षाचा चारा. "हे हलवू का तिकडं?"

"राहू द्या बाबा, अर्ध्या दिवसाचं तं काम हाय."

वारा होता. मिक्सरमध्ये मुठीमुठीने तारा टाकताना काही उडत होत्या. काम झाल्यावर जमिनीवर फिरवायला अक्षयने चुंबक आणलाही होता. पण बीम असा देखणा उतरला, की त्याचे फोटो काढण्यातच स्वारी गुंग झाली. चुंबक पिशवीतच राहिला आणि पिशवी वणीला गेली.

श्रावणात चांद्याने चारा सोडला. जोडीतला उजवा बैल, घरच्याच गाईचा. पाठ वाकवून उभा राही, उतारावर पाय टाकायला भिई. मग गळ्याखाली सूज आली. डॉक्टरांनी औषधं दिली, पण उपयोग झाला नाही. चांद्या गेल्यावर त्यांनी वावरातच त्याला फाडून पाहिलं. पोटातून निघून काळजाला टोचलेली एक तार त्यांनी पुंडलिकरावांच्या तळहातावर ठेवली. तिची दोन्ही टोकं मुडपलेली होती.

पुंडलिकरावांनी मूठ मिटली. तार त्यांनी फक्त अक्षयच्या आईला, विमलताईंना दाखवली आणि गावात सांगितलं, साप चावला. अक्षयला खरं कळलं ते आईच्या फोनवरून. वडील मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तो घरी आला आणि आल्या आल्या चुंबक घेऊन गोठ्यापुढच्या खळ्यात बसला. ओल्या मातीतून गंजलेल्या तारा वर येत होत्या. संपतच नव्हत्या. आता काढून काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं.

तेवढ्यात शेजारचे रामधनकाका आले. गोठ्याच्या दारात उभं राहून त्यांनी बीमवर थाप मारली. "पुंडलिकराव सांगे, माया पोरानं असा बीम केला का हत्ती चढला तरी हालत नाही. मले बी तसाच पाह्यजे, अक्षय. माया गोठ्यावर."

तर वडील गावभर वा म्हणून आले होते! अक्षयला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला चुंबक त्याने पाठीमागे लपवला.

उत्तर दिलं ते आतून पुंडलिकरावांनी. हळद-तुपाची वाटी घेऊन ते जोडीतल्या उरलेल्या बैलाचे, लाख्याचे खांदे चोळत होते. "कर म्हणा त्याले. माल चांगला हाय. पण कुटार पहिले लांब नेजो, रामधन. अन् काम झालं का चुंबक फिरवजो. कोनी राहू दे म्हटलं तरी ऐकू नको."

"काहून?"

पुंडलिकराव लाख्याचा दुसरा खांदा चोळू लागले. अक्षयला वर पाहवेना.

रामधनकाका गेले. रीतीप्रमाणे पुंडलिकरावांनी लाख्याच्या कपाळाला हात लावला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग वर्षानुवर्षांच्या सवयीने ते उजवीकडे वळले, वाटीत बोटं बुडवली आणि रिकाम्या खुंट्यापाशी तसेच उभे राहिले. बोटांवरचं तूप खाली ओघळत होतं.

"अक्षय," ते म्हणाले, "ही वाटी तुया मायले देऊन ये. यंदा तूप उरलं म्हणा."