इंजिनावरचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझी एक बाजू काळीठिक्कर आहे आणि झाकणाला दोन पोचे आहेत. मित्रांनो, माझे रूप बघून नाक मुरडू नका. माझे निम्मे आयुष्य स्वयंपाकघरातल्या फळीवर गेले आणि निम्मे एका ट्रकच्या इंजिनावर.

मला घडवले ते एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने. बादल्या, नरसाळी आणि पन्हळी बनवणे हा त्याचा धंदा. मला मात्र त्याने विकण्यासाठी बनवले नाही. लग्नानंतर बायकोने त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागितले, ते म्हणजे मुंग्या शिरणार नाहीत असा डबा. त्याने माझे झाकण इतके घट्ट बसवले की ते उघडायला तिला दर वेळी त्यालाच हाक मारावी लागे. "मुंग्यांबरोबर मलाही बाहेर ठेवलंत!" असे ती म्हणे आणि दोघेही हसत.

पुढे कितीतरी वर्षांनी ती आजारी पडली आणि गेली. कारागिराची लेक त्यांना आप्पा म्हणे, म्हणून मीही आता आप्पाच म्हणतो. आप्पांनी हातोडी खाली ठेवली. मला कुणी हात लावायचा नाही, असे बजावले. आणि मित्रांनो, त्यांनी जेवणही टाकले. शेजारीण ताट झाकून ठेवून जाई. संध्याकाळी ते जसेच्या तसे परत नेई.

लेक ट्रक चालवायची. आठवडा-आठवडा घराबाहेर असायची. एकदा ती परतली, तर आप्पांचा सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता.

"उद्यापासून तुम्ही माझ्याबरोबर गाडीत," ती म्हणाली.

"मी कशाला? ओझं होईल माझं."

"ओझं वाहायचाच धंदा आहे माझा. चला."

निघताना तिने मला गुपचूप पिशवीत टाकले. त्याला कारण होते. रस्त्याकडेच्या खाणावळीतले तिखट, तेलकट जेवण आप्पांना सोसणारे नव्हते. दातही निम्मे पडले होते. लेकीला स्वयंपाकातले ओ की ठो कळत नव्हते, पण इंजिनाची नस न् नस ठाऊक होती. इंजिनाच्या धगीवर बटाटे शिजतात, हे तिने कुणा ड्रायव्हरकडून ऐकले होते. मग तिने माझ्यात बटाटे, कांदा, पाणी आणि मीठ घातले. इंजिनातला धूर जिथून बाहेर पडतो, त्या लोखंडी नळीला टेकवून मला तारेने घट्ट बांधले आणि बॉनेट लावले.

अशी धग मी जन्मात सोसली नव्हती. माझे सांधे झाळलेले होते, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडलेले होते. चढ लागला, नळी तापली आणि माझा एक सांधा पाघळला. पाणी इंजिनावर सांडून चर्र झाले. बॉनेटमधून वाफ निघू लागली. लेकीने एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि बॉनेट उघडले. आप्पाही खाली उतरले. त्यांनी मला पाहिले.

"तिचा डबा? तिचा डबा इंजिनावर?"

इतक्या दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. पंक्चरवाला हातातले काम सोडून बघू लागला.

"हो, तिचाच," लेक म्हणाली. "तुम्ही उपाशी मरणार आणि डबा फळीवर चकचकीत राहणार. काय करायचाय तो मला?" ती आप्पांकडे वळली. "आई गेली तर मला रडायलासुद्धा सवड झाली नाही, आप्पा. तुमच्याकडेच बघत राहिले."

ती गाडीच्या पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली.  आप्पांनी तार सोडली, डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात मला धरून उचलले आणि पाघळलेला सांधा डोळ्यांजवळ नेला.

"झाळलेला डबा विस्तवाजवळ नेतात का कधी?" ते हळूच म्हणाले. "पत्रा दुमडून ठोकायला हवा." मग पंक्चरवाल्याकडे वळून त्यांनी विचारले, "हातोडी आहे का हो?"

त्यांनी माझे सगळे जुने सांधे सोडवले, खरवडून साफ केले आणि पत्र्याच्या कडा एकमेकींत अडकवून ठोकल्या. मला फार दुखले. पण ते हात कितीतरी दिवसांनी माझ्यावरून फिरत होते, म्हणून मी सोसले.

त्या संध्याकाळी माझ्यातून मऊ बटाटे निघाले. आप्पांनी एक खाल्ला. मग दुसरा घेतला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक आप्पांनी हाती घेतला. चढावर डाळ शिजते, सपाट रस्त्यावर भात होतो आणि उतारावर काही शिजत नाही, आधी शिजलेले फक्त गरम राहते, हे त्यांनी चुकत-माकत शिकून घेतले. कधी भात करपला, कधी डाळ टणक राहिली. एकदा लेकीने घाईत तार नीट आवळली नाही आणि मी जेवणासकट रस्त्यावर आपटलो. ते पोचे तेव्हाचे. मालाच्या अड्ड्यावर इतर ड्रायव्हर मला बघायला येत. "आप्पा, आम्हालाही असा एक करून द्या," म्हणत. आप्पा करून देत. अशी ती हातोडी पुन्हा चालू लागली आणि बरीच वर्षे चालली.

मग त्यांचे वय झाले. ते इस्पितळात होते तेव्हा लेक लांबच्या फेरीवरून थेट तिकडेच आली. माझ्यात तिने वाटेत पातळ भात शिजवून आणला होता. आप्पांच्या घशाखाली एक घासही उतरेना.

"तू जेवलीस का?" त्यांनी विचारले.

"जेवीन नंतर."

"नंतर नाही. माझ्यासमोर जेव."

ती लोखंडी स्टुलावर बसली. मला मांडीवर घेऊन जेवू लागली. डोळ्यांतले पाणी भातात पडत होते. आप्पा तिचा घास न् घास बघत होते. तिने तळ खरवडला, तेव्हाच ते डोळे मिटून स्वस्थ झोपले.

त्याच आठवड्यात आप्पा गेले.

भेटायला आलेली मावशी म्हणाली, "डबा घासूनपुसून कपाटात ठेव गं. दोघांची आठवण आहे." लेकीने मला घासले, पुसले आणि पुन्हा ट्रकमध्ये नेले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. गेलेल्या माणसाची वस्तू जपा, पण तिला काम द्या. फुटली तर दुरुस्त करा. आणि घरात कुणी जेवण टाकले, तर नुसते ताट झाकून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा.

आज सकाळीच लेकीने माझ्यात डाळ आणि पाणी घातले, झाकण दाबले आणि तार आवळली. पुढे लांबलचक चढ आहे.