तीस वर्षे कासव म्हणून राहिलेला बेडूक

आपल्या माणसाची चूक त्याला दाखवणे अवघड, आणि दाखवलेली चूक मान्य करणे त्याहून अवघड. त्यातून ती चूक त्याच्या सर्वांत वाखाणलेल्या कामात असली, तर दोघांचाही कस लागतो. मित्रांनो, माझ्यामुळे एका बापलेकीवर असा प्रसंग आला.

मी एक अतिप्राचीन बेडूक आहे. अंगाने मी तुमच्या दप्तराएवढा होतो, आणि माझे तोंड इतके रुंद होते की ते कोठे संपते हे मलाही सांगता आले नसते. बाल्य डबक्यात शेपटी हलवण्यात गेले. पुढे पाय फुटले, शेपूट गेली, आणि ओलसर वाळूत अर्धे रुतून बसणे हाच माझा व्यवसाय झाला. मी कोणाचा पाठलाग केला नाही. जो जवळून गेला, तो पोटात गेला. सरडे, खेकडे, एकदा तर डायनोसॉरचे नुकतेच जन्मलेले पिल्लू! घास गिळताना मी डोळे मिटत असे. पाहणाऱ्याला वाटे, स्वारी तृप्त झाली. वस्तुतः घास खाली ढकलण्यासाठी आम्हाला डोळे आत ओढावेच लागतात.

एका पुरात मी गाळाखाली गेलो आणि कालांतराने दगड झालो.

मला पुन्हा उजेड दिसला तो एका संग्रहालयाच्या कामाच्या खोलीत. तेथील कारागीर मोडकी हाडे जुळवून उणे भाग प्लास्टरने भरीत असे. माझ्या जाड, खडबडीत कवटीचे तुकडे त्याला कासवाच्या पाठीचे वाटले. त्याने मला कासव केले, आणि प्लास्टरला हाडासारखा हुबेहूब रंग दिला. लोकांनी त्याचे फार कौतुक केले. मुले काचेला नाक लावून म्हणत, "केवढं कासव!" मी मनातल्या मनात डराव म्हणत असे.

तीस वर्षे लोटली. कारागिराच्या निवृत्तीला चार दिवस उरले. समारंभ माझ्याच पेटीपुढे व्हायचा होता, म्हणून त्याची लेक, जी आता त्याच खोलीत काम करते, मला पुसायला बसली. कडेचा प्लास्टरचा टवका उडाला, आणि आत तिला बारीक दातांची रांग दिसली.

तिने टवका तळहातावर घेतला. टवका चिकटवून रंगाचा एक हात दिला असता, तर कोणाला काही कळले नसते. शेवटी तिने हाक मारली.

"बाबा, जरा इकडे या. पण चिडायचं नाही हं."

"तू असं म्हणालीस की चिडण्यासारखंच काहीतरी असतं."

"कासवाला दात असतात का हो?"

"नसतात. तीस वर्षं या खोलीत घालवली गं मी, एवढं कळतं मला."

"मग याला कसे आहेत?"

त्याने भिंग घेतले. पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. एवढे बारीक दात आणि अशी खडबडीत कवटी बेडकाचीच, हे त्याने ओळखले, आणि त्याचे कान लाल झाले.

"तेव्हा दालनाचं उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं," तो हळूच म्हणाला. "कडेची माती काढायची राहिली, आणि मी तिच्यावरच प्लास्टर लिंपलं. वर रंगही असा दिला की पुढच्याला संशयच येऊ नये."

"समारंभ होऊ दे, मग सांगू या का?"

"म्हणजे हार गळ्यात घालून खोटं बोलू? ती ओली फडकी आण. आणि आईला सांग, आज जेवायला उशीर होईल."

"ती ओरडेल."

"ओरडू दे. बेडकामुळे उशीर झाला म्हणावं."

तीन दिवस दोघांनी मिळून प्लास्टर भिजवून सोडवले. नव्याने जोडताना लेकीने भरावाचा रंग हाडाहून मुद्दाम फिकट ठेवला, म्हणजे खरे किती आणि अंदाज किती, हे उद्याच्या माणसाला दिसावे. बाप म्हणाला, "हे मला आधी सुचायला हवं होतं," आणि स्वतः तोच फिकट रंग कालवू लागला.

समारंभात तो उभा राहिला. "मंडळी, माझं सर्वांत गाजलेलं कासव हा बेडूक आहे. चूक माझी, शोध माझ्या मुलीचा." मग पुढच्या रांगेतून त्याची पत्नी म्हणाली, "तरीच घरी जेवण थंड होत होतं!" सगळे हसले, आणि सर्वांत मोठ्याने तोच हसला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून हाताळा, आणि आपल्याला न कळलेले झाकून ठेवू नका. ज्या दोघांनी मला माझे मुख परत दिले, त्यांच्या हातांना स्थैर्य लाभो, दृष्टी निर्मळ राहो, आणि त्यांच्या घरी सर्वांची पाने एकाच वेळी मांडली जावोत.