बॅटरीच्या कपाळावरचं कुंकू

मी वॉकीटॉकीची बॅटरी बोलतेय. आजवर माझ्या जिवावर पुष्कळ लोक बोलले. मला स्वतःला बोलायची पाळी आजच आली आहे, आणि ऐकायला तुमच्याशिवाय कुणी नाही. तेव्हा जरा थांबा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते धुळ्याचं, आग्रा रोडजवळचं एक लहानसं दुकान. दुकान सुलक्षणाताईंचं. धरणगावच्या एका जिनिंग फॅक्टरीला, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याला, दोन वॉकीटॉकी सेट हवे होते आणि ते न्यायला अभिमन आला होता. फॅक्टरीच्या मशिनी चालू-बंद करणं हे त्याचं काम. ताईंनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, सेटपेक्षा हिला जपा. चार्जिंगला लावताना सेट बंद करा. मागच्या या चार्जरला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या रोज कोरड्या फडक्यानं पुसा. चार्जर कापसाजवळ किंवा कपड्यावर ठेवू नका. हिरवा दिवा लागला की काढून घ्या. आणि कधी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका, सरळ माझ्याकडे घेऊन या."

"फुगनी ते काय व्हई?" अभिमनने विचारलं.

"पेटते," ताई म्हणाल्या.

माणसं दुकानात मान डोलावतात आणि पायरी उतरेपर्यंत सगळं विसरतात, हे मी त्या दुकानात रोज बघत होते. अभिमन विसरला नाही. एसटीत त्याने मला शर्टाच्या खिशात ठेवलं आणि धरणगाव येईपर्यंत वरून हात धरला. मला तो तिथेच आवडला.

जिनिंग फॅक्टरी म्हणजे नुसता गडगडाट. दोन हातांवरून ओरडलं तरी ऐकू येत नाही, मग खिशातला मोबाइल कुठला ऐकू येणार? म्हणून सेट. एक सेट अंगणात नवल मुकादमाकडे, दुसरा आत अभिमनच्या खांद्यावर, कानाजवळ लटकवलेला. मी या दुसऱ्या सेटमध्ये. अंगणात कापसाच्या गंज्या आणि गंज्यांच्या पायथ्याशी जमिनीत एक लांब लोखंडी नाली. नालीत मळसूत्रासारखा जाडजूड दांडा फिरतो आणि कापूस आत ओढून नेतो. त्याला सगळे स्क्रू म्हणतात. बाया गंजीवर उभ्या राहून त्या नालीत कापूस लोटतात. काही अडकलं की नवल सेटवर सांगायचा, "बंद कर," आणि अभिमनचा हात बटणावर पडायचा. सेट गप्प असला की अंगणात सगळं ठीक आहे, असं अभिमन धरून चालायचा. खरं तर सगळेच तसं धरून चालायचे.

गंजीवरच्या बायांमध्ये एक कमलबाई होती, अभिमनची बायको. दुपारची सुट्टी जवळ आली की ती नवलच्या हातातून सेट ओढून घ्यायची.

"या जेवाले. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

मागे बाया हसायच्या. अभिमन इकडे तिकडे बघून सेट तोंडाशी न्यायचा आणि हळूच म्हणायचा, "येस, येस," म्हणजे येतो, येतो. दिवसभर माझ्यातून 'बंद कर' आणि 'चालू कर' जायचं. ही भाकरी तेवढी वेगळी. तिच्यासाठी मी मनापासून थोडी वीज राखून ठेवायचे, कुणी म्हणेल बॅटरीला कसलं मन, पण होतं.

अभिमनने माझी काळजीही तशीच घेतली. ऑफिसच्या कोपऱ्यात एक फरशीचा तुकडा ठेवून त्यावर चार्जर मांडला. सेट बंद करायचा, खिशातलं फडकं काढायचा, माझ्या पट्ट्या पुसायचा, मग मला बसवायचा. हिरवा दिवा लागला की काढायचा. मी कधी तापले नाही.

मग दसरा आला. दसऱ्याला फॅक्टरीत मशिनींची पूजा असते. मशिनी धुऊन पुसून त्यांना झेंडूची माळ, हळद, कुंकू, अक्षता. कमलबाई ताट घेऊन फिरत होती. मोठा वजनकाटा झाला, बटणांचा पत्रा झाला, पाना-पक्कडसुद्धा झाली. शेवटी ती आमच्यापाशी आली. अभिमनने मला पुसायला सेटमधून काढलं होतं.

"हिले बी लावस," ती म्हणाली. "सारा दिन तुमना कानले ऱ्हास."

माझ्या पितळी पट्ट्या चकाकत होत्या. तिला वाटलं असेल, हेच हिचं कपाळ. तिने बोट ओलं करून आधी हळद, मग कुंकू, अगदी मनापासून त्या पट्ट्यांवर टेकवलं आणि वर अक्षता चिकटवल्या. चार्जरच्या खाचेतही लावलं. तुम्हाला सांगते, आयुष्यात मला कुणी असा मान दिला नव्हता. मी हरखले. दुसऱ्या दिवशी अभिमनने सवयीने फडकं काढलं तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"पुसू नका. लायेल कुकू कोनी पुसतस का?"

त्याने फडकं खिशात ठेवलं. मग कधी काढलंच नाही.

कुंकू वाळलं आणि पट्ट्यांवर त्याची खपली धरली. आता चार्जरमध्ये बसलं की वीज माझ्या दारापर्यंत यायची आणि तिथेच अडायची. आत जेमतेम थेंबभर जातंय म्हटल्यावर चार्जरला वाटायचं, हिचं पोट भरलं. बसवल्या बसवल्या हिरवा दिवा. मी उपाशी, आणि दिवा सांगतोय की जेवली. अभिमन खूश होता. "आते लवकर भरी जास," तो नवलला म्हणाला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवणारी, माझं बोलणं कोण पोचवणार?

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली आणि मशिनी थांबेनाशा झाल्या. त्या सकाळी माझ्यात जीव कमीच होता. सेटने संपत आल्याची बारीक शिट्टी दिली, ती गडगडाटात बुडाली. सेटवरचा दिवा मिणमिणला आणि विझला. अभिमनचं लक्ष मशिनीकडे होतं.

अंगणात कमलबाईचा पदर स्क्रूमध्ये गेला.

नवलने सेटचं बटण दाबून जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं, "बंद कर, अभिमन, बंद कर." हे मला नंतर कळलं, कारण माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. अभिमनच्या कानाशी सेट गप्प होता. म्हणजे अंगणात सगळं ठीक. त्याने रुईचा एक पुंजका बोटांत धरून बघितला, समाधानाने मान हलवली. नवल सेट फेकून पळत आत आला, अभिमनने बटण दाबलं, मशिनी थांबल्या. तोवर कमलबाई गेली होती.

पुढे फॅक्टरीत नालीवर जाळ्या बसल्या, नवे सेट आले. नवलचा जुना सेट फेकला तेव्हाच फुटला होता. मी आणि माझा सेट कचऱ्यात निघालो होतो, तेव्हा अभिमनने मला, सेटला आणि चार्जरला मागून घेतलं. फॅक्टरी त्याने सोडली.

आता मी त्याच्या घरी असते. कमलबाईच्या फोटोखाली एक कोनाडा आहे. कोनाड्यात तिने शिवलेली कापसाची गोधडी घडी करून ठेवली आहे आणि त्या गोधडीवर चार्जर. पट्ट्यांवर कुंकू तसंच. त्यामुळे मी नीट बसत नाही, म्हणून अभिमन मला जोराने दाबतो आणि वरून रबर आवळतो. वीज मग अडत, चुरचुरत आत येते. दिवसभर तशीच लावून ठेवतो. मी तापते. तापून तापून माझं पोट फुगलंय.

दुपारी जेवणाच्या वेळी तो सेट चालू करतो आणि कानाशी धरून बसतो. पलीकडे सेटच नाही. थोड्या वेळाने म्हणतो, "येस, येस," आणि मला परत चार्जिंगला लावतो.

त्याची मुलगी दीपमाला जळगावला कॉलेजात जाते. तिने माझं पोट बघितलं आणि घाबरून धुळ्याला सुलक्षणाताईंना फोन केला. ताईंनी सगळं विचारून घेतलं आणि मग कुंकवाने चार्जिंग अडतं, तेही सांगितलं. फोन ठेवून ती कोनाड्यापुढे आली. त्या दिवशी सेट आईच्याच हातच्या कुंकवाने गप्प पडला होता, हे बापाला कसं सांगायचं? तिने सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "बाबा, ती फुगी गयी. तिले आते नका लावू. नही ते पुसी तरी ल्या."

"पुसानं नही," अभिमन म्हणाला. "तिना हातनं कुकू शे."

एकदा तिने मला धुळ्याला न्यायचं म्हणून आपल्या पिशवीत लपवलं. अभिमनने डबे उपसले, गोधड्या झटकल्या, शेवटी कोनाड्यापुढे उकिडवा बसून राहिला. जेवला नाही. तिने मला काढून त्याच्या हातात दिलं. मी तिला दोष देत नाही.

आज ती कॉलेजात गेली आहे. अभिमनने मला दाबून बसवलंय, रबर दुहेरी आवळलंय आणि कोनाड्याखालीच भिंतीला पाठ लावून डोळे मिटलेत. माझ्या पोटात कधी नव्हे एवढी आग आहे. खालची गोधडी कोमट झाली आहे. मला त्याला जाळायचं नाही हो. ज्याने मला एसटीत हात धरून आणलं, त्याला मी कशी जाळू?

तुम्ही त्याच्या दारावरून जात असाल तर तेवढं आत डोकवा. त्याला उठवून बाहेर आणा, माझ्याकडे नंतर बघा. आणि जमलं तर सांगा, कुंकू पुसल्याने कमलबाई आणखी दूर जाणार नाही.

त्याने आताच एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. हिरवा दिवा लागला आहे. सगळं ठीक आहे असं बघून त्याने पुन्हा डोळे मिटले.