अकरावा मुक्काम

“हे दगड कोणी आणून टाकलेत देव जाणे,” तंबूची खुंटी ठोकता ठोकता ती म्हणाली. “पण चुलीला बरं झालं.”

“मीच टाकलेत,” वाटेवरून आलेला म्हातारा म्हणाला. “इथे कोणी तंबू लावू नये म्हणून.”

ती आणि तिचा नवरा एकमेकांकडे बघून हसले. लग्नाला जेमतेम महिना झालेला, पाठीवर ओझं, टाचांना फोड, आणि अकरा दिवस डोंगरवाट तुडवूनही दोघांचं हसू काही आटलं नव्हतं.

चारशे किलोमीटरच्या त्या वाटेवर रात्रीच्या मुक्कामाच्या जागा निवडायच्या, हे काम म्हातारा एकतीस वर्षं करत होता. म्हणून कार्यालयात त्याचं नावच मुक्काम पडलं. जागा उभ्यानं बघायची नाही, हा त्याचा खाक्या. आधी डोकं चढाकडे करून पाठ टेकायची, वरची फांदी वाळकी आहे का ते बघायचं. मग झुडपांत हात घालून चाचपायचं, पाणी कुठवर चढलं होतं ते तिथे कळतं. त्यानंतर एक रात्र स्वतः झोपायचं आणि मगच वहीत लिहायचं. “जन्मभर लोकांच्या झोपेची सोय बघितलीत, आणि घरी नुसते कूस बदलत असता,” असं बायको म्हणे. तिचं काही खोटं नव्हतं.

अकरावी जागा त्याची लाडकी. पण गेल्या वर्षी वर दरड कोसळली, ओढ्यानं वाट बदलली आणि वरच्या पावसाचं पाणी थेट इथून जाऊ लागलं. त्यानं तीन अर्ज केले.

“काका, नकाशे छापून झालेत. तीन वर्षांनी नवे काढू, तेव्हा बघू,” साहेब म्हणाले. “आणि जागा तुमचीच पसंती ना?”

त्यानं पाटी लावली, तर विनापरवानगी म्हणून ती काढून नेली. मग तो प्रत्येक फेरीला दगड आणून टाकू लागला, आणि पुढच्या फेरीला त्यांची चूल झालेली दिसे. आजची ही शेवटची फेरी. उद्या तो निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी कोणी येणार नव्हतं.

त्यानं नवऱ्याला हाताला धरून झुडपापाशी नेलं. फांद्यांत वाळकं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या, कमरेएवढ्या उंचीवर.

“हे पाण्यानं आणलंय. चार महिन्यांपूर्वी.”

“कोणी वाहून गेलं का तेव्हा?”

हो म्हटलं असतं तर दोघं मुकाट्यानं उठले असते. पण जागेबद्दल तो आजवर खोटं बोलला नव्हता, आताही जीभ वळली नाही.

“नाही. तेव्हा इथे कोणी नव्हतं.”

“मग झालं तर!” तिनं वाटेचं पुस्तक उघडलं. “हे ऐका. ‘पाठ टेकताच झोप लागेल अशी जागा. निर्धास्त राहा.’”

“ते मीच लिहिलंय, पोरी.”

“मग तुम्हीच कशाला घाबरवताय, काका?”

तरी त्यानं हेका सोडला नाही. म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून अखेर दोघांनी तंबू वरच्या खडबडीत टेकाडावर हलवला. त्यानं खुंट्या ठोकून दिल्या, निरोप घेतला आणि चढ चढू लागला.

अर्ध्या तासानं खिंडीत पोचून त्यानं मागे वळून पाहिलं. तंबू पुन्हा खाली, जुन्याच जागी होता. चुलीतून धूर निघत होता. म्हातारा खिंडीत दिसताच दोघांनी हात उंचावून हलवले.

त्याला संताप आला, आणि पाठोपाठ रडू आलं. वरच्या शिखरावर ढग उतरले होते. खाली जाऊन पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. गुडघे सांभाळत तो आडव्या उतारानं ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला, पाण्याचा आवाज आधी येईल अशा खडकावर बसला आणि इशाऱ्याची शिट्टी त्यानं गळ्यात अडकवली. ती उद्या दुपारी कार्यालयात जमा करायची होती.