झालरीचं कापड

बद्रुद्दीननं निजायच्या खोलीत पंखा बसवायचं ठरवलं ते वैशाखात. हिंगोलीत विजेचा पत्ता नव्हता. पण हळदीच्या सौद्यासाठी एका बड्या अंमलदाराच्या बंगल्यावर गेला असताना छताला टांगलेला दोरीचा पंखा त्यानं पाहिला होता. त्याची आई रहमतबी उकाड्यानं बेजार व्हायची. ती लेकीकडे शिरड शहापूरला गेली होती. परत येईतो खोली गार करून ठेवायची, असा त्याचा बेत होता.

बायकोचा भाऊ सादिक सुतार होता. त्यानं सागाची लांब फळी तासली, तुळईला कड्या ठोकल्या, दाराच्या वर भिंतीला भोक पाडून दोरी ओसरीत काढली.

"ओढायला कोण बसणार, दुल्हेभाई?"

"तूच. तुला दुसरा धंदा काय हाये?"

"म्हंजे बहीण दिली ती दिली, वरून हवा बी आमीच घालायची."

अडलं ते झालरीपाशी. फळीला खाली लांब झालर नसेल तर वारा लागत नाही. लढाईचे दिवस, कापडावर कंट्रोल. सबंध बाजार पालथा घातला तरी पांढरं कापड मिळेना. मग बद्रुद्दीननं आईची पेटी उघडली. तळाशी गाठोड्यात पांढरंशुभ्र, न शिवलेलं कापड होतं. त्याला कापराचा वास होता. हा वास ओळखीचा आहे असं त्याला वाटलं आणि तो क्षणभर थबकला. पण सादिक शिडीवर ताटकळला होता.

"अम्मीला इचारलं का?" हाजराबीनं कात्री हातात घेत विचारलं. ती सासऱ्यांच्या माघारी या घरात आली होती.

"त्यांनीच दिलंय," तो म्हणाला. खोटं बोलताना त्याला काहीच वाटलं नाही.

रहमतबी आली तेव्हा शेजारच्या बायका पंखा बघायला जमल्या होत्या. मुलानं तिला हाताला धरून खाटेवर बसवलं. ओसरीतून सादिकनं दोरी ओढली. झालर या भिंतीकडून त्या भिंतीकडे गेली आणि म्हातारीचा पदर हलला.

"माझ्या पोरानं केलं," ती बायकांना म्हणाली आणि डोळे मिटून बसली. दुसऱ्या झोताबरोबर तिनं डोळे उघडले. वर पाहिलं.

"हे कापड कुठलं?"

"तुमीच दिलेलं न्हाई का, अम्मी?" हाजराबी म्हणाली.

तेव्हा कुठं बद्रुद्दीनला आठवलं. बाप हजहून आला तेव्हा दोन कफनं घेऊन आला होता, मक्केतल्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून वाळवलेली. कापूर घालून घड्या घालताना दुसरं टोक धरायला त्यालाच बोलावलं होतं. एक बापाबरोबर गेलं. दुसरं आईनं जपलं होतं.

हाजराबी त्याच्याकडे पाहत होती. तो भिंतीकडे पाहत होता.

"व्हय, मीच दिलं," रहमतबी म्हणाली. "ध्यानात न्हाई राहिलं." मग दाराकडे वळून, "काहून थांबला, सादिक? ओढ ना."

बायका वाहवा करत राहिल्या. बद्रुद्दीनला त्या खोलीत उभं राहवेना. चपला पायात सरकवून तो सरळ फारुकशेठच्या कापडाच्या दुकानात गेला.

"पांढरं कापड न्हाई, बद्रूभाई, कवाचं सांगून राहिलो," फारुकशेठ म्हणाला. "जे जरासं हाये ते मयतीसाठी ठेवलंय."

"मला तेच पाहिजे."

फारुकशेठनं हातातला गज खाली ठेवला. दुकानात बसलेली माणसं वळून बघू लागली.

"कोण गेलं?"

"अम्मीसाठी पाहिजे," बद्रुद्दीन म्हणाला. पुढचं वाक्य काही केल्या जुळेना.

फारुकशेठनं टोपी सारखी केली आणि दुआ पुटपुटत हात उचलले. बाकीच्यांनीही उचलले. एक जण मशिदीत खबर द्यायला पायरी उतरू लागला, दुसऱ्यानं बद्रुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातानं त्याला अधिकच ओशाळल्यागत झालं.

"थांबा," तो म्हणाला. "अम्मी हयात हायेत. घरी बसल्या हायेत. त्यांचं कफन मी पंख्याला लावलं."

पायरीवरचा माणूस परत फिरला. फारुकशेठचे हात तसेच राहिले. कुणालाच काही उमगेना, म्हणून बद्रुद्दीनला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. पेटी उघडल्याचं, आणि बायकोशी काय बोलला तेही.