हिंदुरावाचं इंजिन

मैंदर्गीच्या वाटेवर हिंदुरावाची विहीर होती. उन्हाळ्यात तिच्यात खडा टाकावा, घरी जाऊन न्याहारी करावी, आणि मग परत येऊन 'डुबुक्' ऐकावं, इतकी खोल. त्या पाण्यावर त्याचा पानमळा होता. पानवेल मोठी मानी. दोन दिवस पाणी चुकलं की अशी मान टाकते की पुन्हा वर बघत नाही.

मोट हाकायला ज्ञानबा होता. तो मोटेवर गाणं धरायचा आणि त्या तालावर हणम्या-चित्र्याची बैलजोडी मोटेचा नाडा ओढत विहिरीकाठच्या धावेच्या उतरणीवरून झुलत जायची. माघात ज्ञानबा सोलापूरच्या मिलमध्ये कामाला गेला, आणि बैलांनी बसकण मारली. हिंदुरावानं स्वतः गाऊन बघितलं. पहिल्याच ओळीला चित्र्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याचं तोंड आपोआप मिटलं. चाबूक झाला, पेंड झाली, हातापाया पडून झालं. बैल ढिम्म. घरची माणसं दोर-घागरीनं पाणी शेंदून वेली कशाबशा जगवू लागली.

शेजारमळ्याचा चन्नप्पा म्हणाला, "रहाट घाल की, हिंदुरावण्णा. आमचा बघ, कसा चालतो!"

चन्नप्पाचा रहाट असा कण्हायचा की अक्कलकोटातल्या सासवा सुनांना विचारायच्या, 'कोण रडतंय गं?'

"तुझी हीर परातीएवढी," हिंदुराव करवादला. "माझ्या हिरीत डब्यांची माळ सोडली तर खालचा डबा वर येईस्तवर त्याला गंज चढंल!"

शेवटी त्यानं सोलापुराहून इसूफ मिस्त्रीला आणलं. मिस्त्री काठावरून वाकून म्हणाला, "देखो पाटील, इंजिन-पंप वर ठेवला तर पंधरा हातांखालचं पानी तो ओढत नाही. आत्ता पानी वर दिसतंय. उन्हाळ्यात कितना नीचे जातं? सच बोलो."

हिंदुराव खरं सांगणार, तोच त्याच्या चुलतीनं, गोजरबाईनं, त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. विहिरीच्या तोंडावर पाण्याला उणं बोलू नये, ती ऐकते आणि रुसते, हे तिकडं पोरासोरांनाही ठाऊक.

"उन्हाळ्यातबी हितंच," हिंदुराव दंड चोळत म्हणाला. "बोटभर हालत न्हाय."

चैत्रात इंजिन आलं. मिस्त्री यायच्या आत गड्यांनी ते काठावर बसवलं, गोजरबाईनं हळदकुंकू लावून नारळही फोडला. पाणी तोवर तीस हात खाली गेलेलं. मिस्त्री आला, आत डोकावला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "या अल्ला! पाटील, ये सब काढा. आतल्या कपारीवर उतरवायला पाहिजे."

"बसवलेला देव दसऱ्यापातुर हलवायचा न्हाय," गोजरबाई म्हणाली.

"काकी, देव न्हाय त्यो! यंत्र हाय!"

"मग नारळ कशाला फोडला?"

"तूच फोडलास की!"

"व्हय. मग आता मीच सांगतीया. हात लावशील तर बघ."

मिस्त्रीनं निदान इंजिनाची तब्येत तरी बघावी म्हणून हँडल फिरवलं. टुक्‌टुक्, टुक्‌टुक्. पंपानं दमेकऱ्यासारखी हवा ओढली, पाण्याचा थेंब नाही. हिंदुरावानं मळ्याकडं पाहिलं. कडेच्या वेलींनी माना टाकायला सुरुवात केली होती.

इतक्यात गोठ्यात हणम्यानं कान टवकारले. चित्र्या उठला. दोघांनी दावी तोडली आणि टुक्‌टुक्‌च्या तालावर डुलत डुलत धावेवर येऊन मुकाट उभे राहिले. हिंदुरावानं धडपडत मोट जोडली. मोट भरून वर आली, भसकन पाटात रिती झाली, आणि पाणी पानमळ्याकडं धावलं.

"चालतंय की," गोजरबाई म्हणाली.

"काय चालतंय, काकी? तेल इंजिन पितंय, पेंड बैल खात्यात, आन् पाणी मोटंचंच!"

पण दुसरा इलाज नव्हता. रोज इंजिन धडधडे, बैल ओढत, हिंदुराव दोघांनाही शिव्या घाली. मळा मात्र असा तरारला, की एकेका पानाखाली माणूस सावलीला बसावा. पंपानं मळा फुलला अशी बातमी मैंदर्गीला पोचली आणि गुरुसिद्धप्पा नावाचा बडा बागाईतदार, आपणही पंप घ्यावा म्हणून, बघायला आला. तो काठावर उभा राहिला आणि नेमकं तेव्हाच तेल संपलं. इंजिन एकदा उचकलं आणि गप्प झालं. भरली मोट अधांतरी, बैल जागच्या जागी. शेवटच्या सरीतल्या वेली अजून कोरड्या.

हिंदुरावानं दात-ओठ खाल्ले, डोळे मिटले, आणि गाल फुगवून सुरू केलं, "टुक्‌टुक्, टुक्‌टुक्..."

बैल निघाले.

गुरुसिद्धप्पा थक्क होऊन म्हणाला, "हिंदुराव, लई झकास! पण ह्यात तुमचं इंजिन कंचं?"

हिंदुरावाला सांगायचं पुष्कळ होतं. पण तोंड थांबवलं असतं तर बैल थांबले असते.