ऊस पिणारी टॅक्सी

बालमित्रांनो, मी एरवी पेट्रोलला तोंड न लावणारी एक जुनी टॅक्सी आहे. ब्राझीलमधल्या सांता एर्मीनिया गावात, एका पत्र्याच्या छपराखाली माझं म्हातारपण चाललं आहे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. चाकं कधीच कुणीतरी काढून नेली. पण माझी कीव करू नका, आधी ऐकून घ्या.

माझं इंजिन मुद्दाम उसाच्या अल्कोहोलसाठी घडवलेलं होतं. परदेशातलं तेल परवडेना, तेव्हा आमच्या सरकारने मनावर घेतलं की गाड्या उसावर चालवायच्या. साखर कारखान्यांना स्वस्तात भांडवल दिलं, टॅक्सीवाल्यांना कर माफ केला, आणि अल्कोहोल पेट्रोलपेक्षा नेहमी स्वस्तच राहील असा शब्द दिला. त्या शब्दावर विसंबून निवाल्दो बोर्तोलिनने मला घरी आणलं. माझ्या धुराला दारूचा वास यायचा. पहिल्याच दिवशी शेजारचा मेकॅनिक गिल्मार कुंपणावरून ओरडला, "काय रे निवाल्दो, बेवडी आणलीस की घरात!"

"पिऊन सरळ चालते रे," निवाल्दो म्हणाला. "तुझ्यासारखी गटारात नाही जात."

ते दिवस मोठे सुखाचे होते. कारखान्याची चिमणी धुराने भरलेली असायची, ऊसतोडीला दुरून माणसं यायची, पंपावर अल्कोहोल म्हणाल तेवढं मिळायचं. गावातल्या सगळ्या टॅक्सी माझ्या जातीच्या झाल्या. नगरपालिकेची रुग्णवाहिकासुद्धा अल्कोहोलवरची आली. मला भारी अभिमान वाटे.

मी आवडत नव्हते ती एकाच बाईला. ओंदिनाबाई नदीकाठी खंडाने घेतलेल्या तुकड्यात घेवडा पिकवायच्या. मालकाने तो तुकडा उसासाठी कारखान्याला दिला. तसेच आणखी पुष्कळ तुकडे गेले, आणि बाजारात घेवडा इतका महागला की लोक भातावर घेवड्याच्या आमटीऐवजी नुसतं पाणीच ओततात की काय असं वाटायचं. ओंदिनाबाई मला पाहिलं की थुंकायच्या. "माझं शेत पिते ही भवानी," असं म्हणायच्या. मला राग यायचा, पण त्यांचं चुकत नव्हतं.

पुढे त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा चाळीस किलोमीटरवरच्या शहरात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. थुंकणाऱ्या बाईला न्यायचं काम माझ्याच वाट्याला आलं. त्या तोंड फिरवून बसायच्या आणि शहर येईपर्यंत निवाल्दोशीच बोलायच्या.

मग वारं फिरलं. जगात साखरेला भाव आला. इकडे सरकारने अल्कोहोलचा खरेदीदर दाबून धरला. कारखानदारांनी रस साखरेकडे वळवला. त्यांना तरी काय नावं ठेवायची? गाळप संपलं तेव्हा अल्कोहोलचा साठा जेमतेम होता, आणि फेब्रुवारी उजाडला तेव्हा पंप कोरडे पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस डोलत होता, आणि आम्ही मात्र घोटभर अल्कोहोलसाठी रांगेत उभ्या होतो. इंजिन चालू ठेवायचीही चैन परवडेना. रांग पुढे सरकली की माणसं आम्हाला हातांनी ढकलायची.

त्या बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही रांगेत होतो. सोमवारची ओंदिनाबाईंची फेरी अल्कोहोलअभावी चुकली होती. त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. पाय इतके सुजले होते की चप्पल चढत नव्हती, आणि दोन शब्द बोलल्या की धाप लागत होती. डॉक्टरांनी निरोप पाठवला होता की नऊच्या आत या, आज चुकलात तर पुढचं मी सांगू शकत नाही. शहराची पहिली बस पाचलाच गेली होती, दुसरी दुपारी होती. रुग्णवाहिका? ती माझ्यापुढे सात गाड्या सोडून उभी होती. तिचीही टाकी रिकामी.

"टँकर निघालाय," पंपवाला सांगत होता. "दहापर्यंत येतोच."

"कालही दहाच म्हणालास!" मागून कुणीतरी ओरडलं. "कुठल्या तारखेचे दहा, ते बोल की!"

शेजारी पेट्रोलचा पंप होता. तिथे चिटपाखरू नव्हतं. निवाल्दो त्याच्याकडे बघत राहिला.

आपली कोरडी गाडी घेऊन आमच्या मागेच उभ्या असलेल्या गिल्मारने त्याची नजर ओळखली. "वेडा आहेस का? हिचं इंजिन जास्त दाबाचं आहे. निव्वळ पेट्रोलवर पळवलीस तर पिस्टनला भोक पडेल. मग सरकार देणार आहे का नवं इंजिन?"

"जुनं तरी कुठे दिलं होतं? नुसता शब्द दिला होता."

"निवाल्दो," मागून ओंदिनाबाईंचा आवाज आला, "घरी चल बाबा. तुझं पोट आहे ही गाडी. माझं काय, मी... पिकलं पान."

"तुम्ही गप बसा हो मावशी!" तो खेकसला.

गिल्मारने शिवी हासडली, रबरी नळी आणि डबा उचलला आणि रांगेतून फिरू लागला. जितकं अल्कोहोल मिसळता येईल तितका माझा जीव वाचणार होता. पहिल्या गाडीतल्या शाळेच्या बाईंनी निमूट टाकीचं झाकण उघडलं. आणखी दोघांनी अर्धा-अर्धा लिटर दिलं. बाकीचे आकाशात ढग शोधू लागले. एकाने तर काच वर केली. प्रत्येकाच्या घरी काही ना काही अडलेलं होतं. मी त्यांना दोष देणार नाही, पण ती वर जाणारी काच मला अजून दिसते.

आठ वाजता निवाल्दोने माझ्यात सहा लिटर पेट्रोल ओतलं.

मित्रांनो, पहिला किलोमीटर मला वाटलं, जमेल. मग चढ लागला आणि माझ्या आत कुणीतरी हातोडीने ठोकायला लागलं. टण, टण, टण. निवाल्दोने वेग कमी केला, ठोके कमी झाले, पण घड्याळ थांबेना. पुढे साखरेची पोती भरलेला ट्रक रेंगाळत होता. तो बंदराकडे निघाला होता. ओलांडायला जोर लावावा तर ठोके वाढत, मागे राहावं तर नऊ वाजत. ओंदिनाबाईंची मान एका बाजूला कलली.

"मावशी! बोला काहीतरी! शिव्या द्या गाडीला!"

निवाल्दोने दात-ओठ खाऊन माझा ॲक्सिलरेटर दाबला. मी सगळं बळ एकवटून ट्रक ओलांडला, आणि त्याच क्षणी आत काहीतरी फुटलं. तरीही तीन पायांच्या कुत्र्यासारखी मी पळत राहिले. रुग्णालयाच्या फाटकात शिरले आणि तिथेच बंद पडले. नवाला सात मिनिटं कमी होती. निवाल्दोने म्हातारीला उचललं आणि धावत आत नेलं.

दुपारी त्या स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या. निवाल्दो पायरीवर बसला होता. त्याचे हात काळे झाले होते.

"गेली का रे?" त्यांनी विचारलं.

"गेली, मावशी."

त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता तरी चार गोड शब्द ऐकायला मिळतील. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, उन्हात तापलेल्या पत्र्याचा चटका बसला तसा झटकन काढून घेतला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "निवाल्दो, माझं परवा पुन्हा आहे."

आम्ही दोघांनी स्वतःला पणाला लावून फक्त दोन दिवस मिळवले होते.

दुसऱ्या दिवशी तो गाडीशिवायच रांगेत गेला. लोक हसले. त्याने कुणाचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही. एकच प्रश्न विचारत प्रत्येक खिडकीशी थांबला, "मावशींना न्यायला तुला कुठला वार जमेल?" काच वर करणाऱ्याने दोन वेळा नकाराची मान हलवली आणि तिसऱ्या वेळी म्हणाला, "शुक्रवार." पंपवाल्याने पुठ्ठ्यावर वार आणि गाड्यांचे नंबर लिहून टांगले. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्याला त्या दिवशी रांगेत पहिला नंबर. शाळेच्या बाईंकडे सोमवार आला, गिल्मारकडे बुधवार. ओंदिनाबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. मी एकदाही चालले नाही. निवाल्दो दुसऱ्याची टॅक्सी चालवू लागला.

आता म्हणे अल्कोहोल आणि पेट्रोल, दोन्ही पिणाऱ्या गाड्या निघाल्या आहेत. त्यांचं भलं होवो. माझी विनंती मोठ्यांना आहे, आणि तुम्हीही उद्या मोठे व्हाल म्हणून तुम्हालाही. कुणाला हात द्याल, त्याला तुमच्या भरवशावर जगायला शिकवाल, तेव्हा आपण किती दिलं म्हणून मिरवू नका. त्याच्या दारात जाऊन विचारा, परवा तुझ्याकडे कोण येणार आहे? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.